‘पाल्याचे नाव’ या रकान्यात माझंच नाव आहे

प्रति,
स्कॉलरशिप कमिटी आणि गणेशोत्सव कमिटी (माणसं तीच आहेत, माहितीये मला),
आपलं मराठी मंडळ

स.न.वि.वि.

हे मी ईमेलनेच पाठवणार होते, पण मंडळाच्या स्कॉलरशिपच्या फॉर्मबद्दल गेल्या वेळी पाठवलेल्या माझ्या दोन पानी ईमेलला दीड ओळीचं उत्तर आलं, "फॉर्म नियमात बसत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा", म्हणून म्हटलं आता उघडच लिहावं, ज्याला वाचायचंय तो वाचेल. राग नाहीये. म्हणजे आहे थोडा, पण तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या घरी मी मोदक वळायला येते, त्यामुळे तो किती टिकणार हे तुम्हालाही माहितीये.

ज्यांना मी माहिती नाही त्यांच्यासाठी. वय ४२, माहेर तासगाव तालुक्यात, एस.वाय. बी.कॉम. अर्धवट टाकून लग्न केलं, मग पुणे, आणि २००९ला नवऱ्याच्या मागे कॅलिफोर्नियात सनीवेल. मुलगी मिडल स्कूलला गेली तसं दुपारचं घर खायला उठायला लागलं, म्हणून जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं, कमी फीचं सरकारी कॉलेज) मातीकामाचा क्लास घ्यायला गेले. तो फुल होता, वेटलिस्टवर माझा नंबर तेविसावा. काउंटरवरची बाई म्हणाली आर्ट हिस्टरीत जागा आहे, घेणार का. मला वाटलं आहे काय त्यात, मोनालिसा वगैरे असेल, घेतला. तिथून सुरू झालं ते आता मी युसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, सांता क्रूझ कॅम्पसला आर्ट हिस्टरीत बीए करतेय (डिपार्टमेंटचं नाव बरंच लांबलचक आहे, आपण आर्ट हिस्टरीच म्हणू), आणि माझा सगळा अभ्यास चिकाना आर्टचा चाललाय (चिकाना म्हणजे काय ते पुढे सांगते). आमच्या युनिव्हर्सिटीचं मॅस्कॉट पिवळी गोगलगाय आहे, खोटं नाही सांगत. माझ्या एकंदर स्पीडला ते अगदी शोभतं.

आता तुमचा फॉर्म. पहिला रकाना ‘पाल्याचे नाव’. दुसरा ‘थेट प्रवेश मिळालेल्या चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीचे नाव’. मग मेजर: इंजिनिअरिंग, मेडिकल, बिझनेस, इतर. शेवटी ‘पालकांची सही’. मी पाल्याच्या जागी माझं नाव टाकलं, ‘थेट’वर काट मारली, ‘इतर’ला टिक केली आणि पालकांच्या सहीसाठी तासगावला फोन लावला. आईला आधी वाटलं मी कुठल्या तरी लफड्यात अडकले. मग म्हणाली थांब चष्मा आणते. भाच्याने प्रिंट काढून आणली, तिने बँकेत करते तशी पूर्ण नावाची सही केली, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढून, आणि व्हॉट्सॲपवर फोटो आला. तो फॉर्म नियमात बसला नाही. बरोबर आहे, नियमात नव्हताच बसत. माझं म्हणणं नियमाबद्दलच आहे.

त्या ‘थेट’ शब्दाबद्दल. तुम्ही इथे वीस-वीस वर्षं राहताय, तुमच्या टॅक्समधून ही कॉलेजं चालतात, तरी कम्युनिटी कॉलेज म्हटलं की चेहऱ्यावर असं येतं की जणू पोरगं बारावीला नापास होऊन आयटीआयला गेलं (आणि आयटीआयवाल्यांबद्दलही असं तोंड करायचं कारण नाही, पण तो वेगळा विषय). कॅलिफोर्नियाने १९६०मध्ये मास्टर प्लॅन केला, त्यात कम्युनिटी कॉलेज, स्टेट युनिव्हर्सिटी आणि युसी अशी तिन्हींची कामं वाटून दिली, आणि खालून वर जायची वाट मुद्दाम ठेवली. चोरवाट नाही ती, नकाशात आखलेला रस्ता आहे. अशी ११६ कॉलेजं आहेत. इथल्या रहिवाशाला एका युनिटला (कोर्स मोजायचं माप) ४६ डॉलर फी, ६० सेमिस्टर युनिट झाले की तिसऱ्या वर्षाला युसीत जायला पात्र, म्हणजे पहिली दोन वर्षं २,७६० डॉलरमध्ये, पुस्तकं वेगळी. युसीची एका वर्षाचीच फी पंधरा हजाराच्या आसपास जाते. आपण कोथिंबिरीची जुडी पन्नास सेंट स्वस्त मिळते म्हणून दुसऱ्या दुकानात जाणारी माणसं, आणि इथे मात्र आपल्याला लाज वाटते!

आणि सोपं असतं असं कुणी समजू नका. कुठल्या कॉलेजचा कुठला कोर्स कुठल्या कॅम्पसला चालतो हे असिस्ट नावाच्या वेबसाइटवर एकेक करून बघायचं, एक चुकला की एक सेमिस्टर गेलं. स्टॅटिस्टिक्स घ्यावं लागलं, इंग्लिश निबंधाचे दोन कोर्स, बायोलॉजी लॅबसकट. नऊपैकी सहा युसी कॅम्पसवर ट्रान्सफरवाल्यांना प्रवेशाची गॅरंटी मिळते, ठरलेले ग्रेड आणि कोर्स असतील तर, सांता क्रूझ त्यातलं एक. बर्कली आणि यूसीएलए ती देत नाहीत. अर्जात आधी शिकलेलं सगळं दाखवावं लागतं, वीस वर्षांपूर्वीचं अर्धवट बी.कॉम. सुद्धा, त्याच्या ट्रान्स्क्रिप्टसाठी माझ्या भावाने तीन चकरा मारल्या आणि तिसऱ्या चकरेला तिथल्या क्लार्कने विचारलं, "एवढे कमी मार्क कशाला दाखवताय अमेरिकेत?" युसीत ट्रान्सफर होऊन येणाऱ्या दहातले नऊ जण या कम्युनिटी कॉलेजांतूनच येतात. डिग्रीच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नसतं की हा थेट आला होता का वळसा घालून.

आता चिकाना. मंडळातल्या एका काकूंनी मला पिकनिकला विचारलं होतं, "ते मेक्सिकन पेंटिंग्ज का? पण आपला काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. तेव्हा हातात कणसं होती, नीट उत्तर देता आलं नाही, आता देते.

शब्द मला पहिल्यांदा समजावला तो बायोलॉजीच्या लॅब पार्टनरने. १८ वर्षांची पोरगी, आई रात्रपाळीला जायची. मी तिला सहज मेक्सिकन म्हणाले तर मायक्रोस्कोपमधून डोळा न काढता म्हणाली, मी इथेच जन्मले, मी चिकाना आहे. मेक्सिकन मुळाच्या अमेरिकन लोकांना हिणवायला वापरायचे तो चिकानो शब्द साठच्या दशकातल्या चळवळीने उचलला आणि अभिमानाने लावला. चिकानो पुरुष, चिकाना बाई. आपल्याला हे पटकन कळतं, आपल्या भाषेत तर ‘आलो’ की ‘आले’ यावरूनच बोलणारा कोण ते समजतं. पण तो शेवटचा ‘ना’ बायकांना भांडून मिळवावा लागला, कारण चळवळीत मोर्चाला पुरुष पुढे आणि स्वयंपाकाला बाया, भिंत रंगवायची तर पुरुष शिडीवर. (ओळखीचं वाटतंय? गणपतीत माइक कुणाकडे असतो आणि पुरणाची कणीक कुणाकडे असते, असो.) आणि ही माणसं बाहेरून आली असंही सरसकट नाही. १८४८च्या तहात मेक्सिकोचा हा सगळा मुलूख, आपलं कॅलिफोर्निया धरून, अमेरिकेकडे गेला, तिथे राहणारे होते तिथेच राहिले. त्यांची घोषणाच आहे, आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनं आम्हाला ओलांडलं. हे मी आपल्या बेळगावच्या काकांना सांगितलं तर ते एकदम गप्प झाले, मग म्हणाले परत सांग गं ते वाक्य.

पण वाचून नाही मी यात पडले. आर्ट हिस्टरीच्या क्लासबरोबर सॅन फ्रान्सिस्कोला मिशन डिस्ट्रिक्टमध्ये म्युरल, म्हणजे भिंतीवरची चित्रं, बघायला गेलो होतो. २४वी स्ट्रीट आणि यॉर्कच्या कोपऱ्यावर एक निळीशार भिंत आहे, हुआना अलिसिया या चित्रकर्तीची, २००४ची. मध्ये ‘ला योरोना’, म्हणजे मेक्सिकन लोककथेतली पाण्याकाठी पोरांसाठी रडत फिरणारी बाई, अवाढव्य. आणि बघता बघता मला दिसलं की बाजूला पाण्यात बायका उभ्यात, त्या साडीत आहेत. मला वाटलं मला भास होतोय. सरांना विचारलं तर ते म्हणाले इंडियात कुठेतरी धरण झालं, त्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बायका आहेत. कुठेतरी! नर्मदा, सर, नर्मदा. १९९९ साली मी शाळेत होते, डोमखेडीला लोक छातीभर पाण्यात उभे राहून सत्याग्रह करत होते, पेपरात फोटो यायचे आणि आमच्या घरी त्यावर वडील आणि काका भांडायचे, कारण द्राक्षबागायतदाराला पाणी म्हणजे देव, धरणाला विरोध करणारे म्हणजे वेडे. डोमखेडी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलं. ते मी तासगावात असताना माझं मानलं नाही, आणि सॅन फ्रान्सिस्कोत एका लाँड्रीच्या वासाच्या फुटपाथवर उभी राहून रडले. बरोबरच्या पोरांनी मला पाणी आणून दिलं.

याच भिंतीवर आधी तिचंच दुसरं म्युरल होतं, १९८३चं, लेट्यूस काढणाऱ्या बायकांचं, वर विमानातून औषध फवारतायत आणि खाली पोटुशी बाई काम करतेय. हुआना अलिसियाने स्वतः सलिनासच्या शेतात ते काम केलेलं. तिचं बीए सांता क्रूझचंच, आणि पुढे तिने बर्कली सिटी कॉलेजात म्युरल शिकवलं, जे कम्युनिटी कॉलेज आहे. हे नंतर कळलं तेव्हा मी बसमध्ये होते, सॅन होजेहून सांता क्रूझला डोंगर चढून जाणारी हायवे १७ची बस, आणि शेजारच्या अनोळखी मुलाला मी ते उगाचच सांगितलं.

मग बेदाणे. तुम्हा सगळ्यांना ‘सन मेड’ बेदाण्यांचा तो लाल डबा माहितीये, टोपीवाली हसरी मुलगी, हातात द्राक्षांची टोपली, पोरांच्या डब्यात आपण टाकतोच. एस्टर हर्नांडेझ या चिकाना चित्रकर्तीने १९८२मध्ये त्या डब्याचं पोस्टर केलं, रंग तेच, टोपी तीच, टोपलीही तीच, फक्त मुलीच्या जागी हाडांचा सांगाडा, आणि ‘सन मेड’चं झालं ‘सन मॅड’. खाली डब्यावर लिहितात तसं लिहिलंय की यात कुठली कुठली कीटकनाशकं, तणनाशकं, बुरशीनाशकं आहेत. एस्टर १९४४ची, गाव डिन्यूबा, फ्रेस्नोच्या खालचं, घरचे सगळे शेतमजूर. गावाच्या पिण्याच्या पाण्यात औषधं उतरलीयत हे कळल्यावर तिने ते केलं. लोक म्युझियममध्ये ते बघून हसतात, आणि हसणं मध्येच थांबतं.

मी काय बघितलं ते सांगते. थॉम्पसन सीडलेस द्राक्ष, फ्रेस्नोत बेदाण्याला जास्त करून तेच लावतात. आमच्या तालुक्यात बोरगावला त्याच थॉम्पसनमधून तास-ए-गणेश हे वाण निघालं, म्हणजे नात्याने भाऊबंद. ते ओळीत कागदावर जमिनीवर वाळवतात, आपण शेडमध्ये जाळ्यांवर. फवारणी मात्र दोन्हीकडे. वेलीवर डाऊनी (बुरशीचा रोग) आली की रात्री उठून बोर्डो मारायचं, मोरचूद आणि चुना, दुसऱ्या दिवशी वडिलांचा शर्ट हिरवा-निळा, आणि आई तो वेगळ्या बादलीत, एका काठीने ढवळून धुवायची, हात लावायची नाही. आम्हाला सांगायची त्या बादलीजवळ जाऊ नका. पण तिचे स्वतःचे पंजे सीझनभर सोललेले असायचे, आणि ते आम्ही कुणी कधी चित्र काढण्यासारखं समजलो नाही. मी सन मॅडचा पेपर लिहिला तो त्या बादलीपासून सुरू केला. प्रोफेसरांनी समासात लिहिलं, हे आणखी लिहा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला आणखी लिहा म्हणालं होतं, बी.कॉम.ला तर पुरवणीचं पान मागितलं तरी सुपरवायझर वर बघायचा. तर काकू, हा संबंध आहे.

आता ज्या बाईमुळे हे पत्र लिहितेय ती, चिकाना चित्रकर्ती योलांदा लोपेझ. सॅन डिएगोच्या लोगन हाइट्सची, १९४२चा जन्म, २०२१ला गेली. १९७८मध्ये तिने तीन चित्रं केली. मेक्सिकन घरांत ग्वादालुपेची देवी असते, मागे सोन्याच्या किरणांची प्रभावळ, अंगावर चांदण्यांचा निळा शेला, खाली देवदूत. हिने त्या प्रभावळीत तीन बायका बसवल्या. एकात ती स्वतः, पायात पळायचे बूट, एका हातात साप पकडलाय, शेला वाऱ्यावर, आणि देवदूताला ओलांडून थेट आपल्या अंगावर धावत येतेय. दुसऱ्यात तिची आई, चष्मा लावून शिलाई मशीनवर, आणि शिवतेय काय तर तोच चांदण्यांचा शेला. तिसऱ्यात आजी, स्टुलावर बसलेली, हातात सुरी आणि सोललेल्या सापाचं कातडं, चेहऱ्यावर असं की झालं काम, अजून काही आहे का. समजा कुणी तुळजाभवानीच्या प्रभावळीत आपली आजी बसवली, खुरपं हातात घेऊन, तर आपल्या ग्रुपवर काय होईल? (प्लीज आत्ता सुरू होऊ नका.) मला त्यातलं आईचं चित्र सगळ्यात आवडतं. देवीचा शेला पण कुणीतरी टीप मारून शिवावाच लागतो.

आणि तिची शिक्षणाची वाट बघा. १९६१ला हायस्कूल संपवून ती सॅन फ्रान्सिस्कोकडे आली, कॉलेज ऑफ मरिनला कोर्स केले, ते कम्युनिटी कॉलेज, मग सॅन फ्रान्सिस्को स्टेट, तिथून शिक्षण सुटलं आणि चळवळीत गेली, पोस्टरं केली. परत सॅन डिएगोला जाऊन १९७५ला बीए झाली, बत्तिसाव्या वर्षी, आणि १९७९ला युसी सॅन डिएगोतून एमएफए, म्हणजे कलेतली मास्टर्स. ती तीन चित्रं एमएफए करतानाची. फोटोग्राफर लॉरा अग्विलार, आता मोठमोठ्या म्युझियममध्ये जिचे फोटो लागतात, ती ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजमध्ये शिकलेली, तेही कम्युनिटी कॉलेजच, आणि त्या कॉलेजच्या आवारात स्वतःचं आर्ट म्युझियम आहे, तिथेच २०१७ला तिचं मोठं प्रदर्शन झालं. तुमच्या फॉर्मवर योलांदाला ‘थेट’च्या रकान्यात काय लिहिता आलं असतं ते मला सांगा.

माझं सोडा हो, मला ५०० डॉलर नकोयत, म्हणजे मिळाले तर बसचा पास निघेल पण तो मुद्दा नाही. मुद्दा गणपतीतला. दर वर्षी आरतीनंतर स्टेजवर नावं वाचता, अमुक तमुक, यूसीएलए, टाळ्या; अमुक तमुक, पर्ड्यू, टाळ्या. त्या वेळी कम्युनिटी कॉलेजला गेलेली पोरं कुठे असतात बघितलंय? पार्किंग लॉटमध्ये. मी दोन वर्षं त्यांच्याबरोबर उभी होते, मला ती आंटी म्हणतात आणि समोसे आणून देतात. त्यातला एक २०२२च्या लेऑफमध्ये बाबांची नोकरी गेली म्हणून स्वतःहून तिकडे गेलेला, घरात कुणी सांगितलं नव्हतं. त्याची आई सगळ्यांना सांगायची गॅप घेतलीये. आता तो बर्कलीला ट्रान्सफर होतोय, आणि मला खात्री आहे यंदा त्याचं नाव वाचलं जाईल, ‘बर्कली’ एवढंच, मधली दोन वर्षं गिळून. त्या दोन वर्षांत तो पहाटे चारला दुकानात माल लावून आठच्या क्लासला यायचा, आणि कॅल्क्युलसमध्ये अडकलेल्यांना शिकवायचा, ज्यात स्टॅटिस्टिक्समध्ये अडकलेली एक बाई पण होती.

तर मागणी काही फार नाही. ‘पाल्याचे’ काढून ‘विद्यार्थ्याचे’ करा, ‘थेट’ खोडा, पालकांची सही अठराच्या आतल्यांनाच मागा, आणि मेजरच्या यादीत इंजिनिअरिंग-मेडिकल छापून बाकी दुनियेला ‘इतर’ म्हणू नका, एक मोकळी ओळ ठेवा, ज्याला जे लिहायचंय ते लिहील. स्टेजवर नाव वाचताना कम्युनिटी कॉलेजचं नावही वाचा, युनिव्हर्सिटीच्या आधी, आहे त्या क्रमाने. फॉर्म गूगलवर आहे, बदलायला पाच मिनिटं लागतात, सेक्रेटरींना वेळ नसेल तर मला ॲक्सेस द्या, मी करते. आणि या पोरांना आरतीच्या आधी पार्किंगमधून आत आणायची जबाबदारी माझी, समोसे लागतील.

गौरीच्या आरासीला यंदा खोकी मीच आणतेय, पायऱ्या करायला, कॉस्टकोत सांगून ठेवलंय. सात वाजता हॉलवर भेटू.

आपली,
तासगावची, सनीवेलची

ता.क. काल आईचा फोन होता. "माझी सही चालली का गं?" असं विचारत होती. मी म्हटलं कमिटीची मीटिंग व्हायचीय अजून.